बोलावणं

जगदाळ्यांच्या दारात यंदा जत्रेला दोन गोष्टी बांधल्या होत्या. कडुलिंबाला बकरं आणि कमानीला फ्लेक्स. फ्लेक्सवर लालासाहेबांचा थोरला धैर्यशील हात जोडून उभा होता. खाली 'जिल्हा परिषदेचे भावी सदस्य' आणि वर गोल चौकटींत नेतेमंडळी. बकरं फ्लेक्सकडे बघत होतं आणि फ्लेक्स बकऱ्याकडे. उद्या खाऱ्या, म्हणजे मटणाच्या निवदाला दोघांपैकी कुणाचा बळी जाणार, हे त्या घडीला भैरोबालाही ठाऊक नसावं.

लालासाहेबांच्या बहीण रंगूबाई आटपाडीहून एसटीनं आल्या त्या याच दोघांच्या मधून आत शिरल्या. फ्लेक्सकडे एकदा वर बघितलं आणि म्हणाल्या, "हात जोडलेला बरा दिसतोय. घरात कवा जोडलेला बघितला न्हाई."

धैर्यशील हसला. आत्तीच्या बोलण्यावर हसायचं, हे तो राजकारणात यायच्या आधीच शिकला होता.

पडवीत लालासाहेब बसले होते. निम्मं आयुष्य सरहद्दीवर आणि उरलेलं उसात घालवलेला माणूस, गाव अजून सुभेदार म्हणतं. मांडीवर नारळ, नारळावर पान-सुपारी, डोक्याला पटका. दिवस मावळायला टेकला होता आणि सुभेदार जागचे हलत नव्हते.

"लाला, आजून गेला न्हाईस?" रंगूबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

कुठं, ते सांगायची गरज नव्हती. खाऱ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी जगदाळ्यांच्या कर्त्या माणसानं दस्तगीर मुलाण्याच्या दारात जायचं, नारळ द्यायचा आणि "उद्या या" म्हणायचं. मग सकाळी दस्तगीर यायचा, बकऱ्याच्या मानेवर हात ठेवून त्याच्या देवाचं नाव घ्यायचा, सुरा फिरवायचा आणि भैरोबाचा निवद व्हायचा. लालासाहेबांच्या आज्याच्या आधीपासूनची ही रीत. इतक्या वर्षांत दोन्ही देवांकडून एक तक्रार आली नव्हती.

तक्रार आली ती तरुण मंडळाची. मंडळाचा अध्यक्ष शंभूराज. त्याला गावात एकच काम होतं, ते म्हणजे बुलेटवरून गावात फिरणं. त्यानं ग्रुपवर टाकलं होतं, 'यंदा आपलं बकरं आपल्याच माणसाच्या हातानं.' साताऱ्याकडून एक माणूस येणार होता, तो सगळ्या गावाची बकरी उरकणार होता. ज्याला मान्य नसेल त्याला गाव ओळखून घेईल, असं खाली लिहिलं होतं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. धैर्यशीलचा अंगठा पहिल्या पाचांत होता.

"तात्या, तुमी जाऊ नका असं मी म्हणतच न्हाई," धैर्यशील म्हणाला. म्हणजे तेच म्हणाला. "फकस्त यंदा नको. तिकिटाचं एकदा फायनल होऊ द्या. निवडून आलो की दस्तगीरचाचाच्या दारात मी सोता जातो नारळ घेऊन."

"निवडून आल्यावर तू कशाला जातोयस?" रंगूबाई म्हणाल्या. "तवा त्येनंच तुझ्या दारात यायचं आसतंय. अर्ज घेऊन."

"आत्ती, तुमाला कळत न्हाई. देश कुठं चाललाय माहीतंय का?" हा ऋषिराज. लालासाहेबांचा पुतण्या, शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर. कंपनीत तो पाण्याच्या बाटलीची बुचं मोजत असे आणि सुट्टीवर आला की देश.

"कुठं चाललाय रं?"

"जागा व्हायलाय देश."

"मग तू बी हो. सकाळी दहापतोर लोळत आसतोस."

लालासाहेबांनी नारळ उचलला, आत गेले आणि देव्हाऱ्यापुढं ठेवून दिला. सरहद्दीवर ज्या माणसाला कुणी मोर्च्यावरनं मागं सरकवलं नाही, त्याला पोराच्या तिकिटानं घरात नेऊन बसवलं. एका वर्षाचा तर प्रश्न, दस्तगीर समजून घेईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. समजून घेईल हे आपण नेहमी ज्याच्यावर अन्याय करायचा ठरवलाय त्याच्याबद्दलच बोलतो, हेही त्यांना कळत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटूनही ते उठले नाहीत, आणि दिवस मावळला.

*

आत अंकिता सुकं खोबरं भाजत होती. धैर्यशीलची बायको, माहेर साताऱ्याचं, इस्लामपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. घरात इतिहास काढायचा नाही, एवढं ती लग्नानंतर लवकर शिकली होती.

धैर्यशील पाणी प्यायला आत आला तेव्हा तिनं उलथणं हातात धरूनच विचारलं, "तुला हे पटतं?"

"पटायचा प्रश्न नाही गं. वातावरण तसं आहे."

"वातावरण कोण करतं?"

"कोण म्हणजे? सगळेच करतात."

"म्हणजे तूही."

धैर्यशीलचा फोन नेमका तेव्हाच वाजला. पटत नसलेल्या प्रश्नांच्या वेळी त्याचा फोन हमखास वाजायचा. "हां भाऊसाहेब, बोला," म्हणत तो मागच्या अंगणात गेला. भाऊसाहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. तिकीट त्यांच्या खिशात होतं, आणि खिसा ते रोज बदलायचे.

अंकिताचं खोबरं करपलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं तिनं ठरवलं. चुलीपाशी पाटावर बसलेल्या रंगूबाई हे बघत होत्या. या बाईनं लग्नापासून अंकिताच्या हातच्या एकाही गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. सुनेनं नोकरी करणं, केस कापणं आणि भाकरी गोल करणं, तिन्हींत त्यांना खोट दिसायची.

"आण हिकडं भाकरी," त्या म्हणाल्या. एक घास खाल्ला. जरा वेळ चावत बसल्या. "बरी झालीया."

अंकितानं वळून बघितलं.

"आन ऐक पोरी. दस्तगीर दारात आल्याबिगर जे काय उद्या शिजंल त्यातलं मी खाणार न्हाई. ठेचा करून ठेव."

"दोघींपुरता करते, आत्याबाई," अंकिता म्हणाली.

*

सकाळ झाली. साताऱ्याचा माणूस आला नाही. त्यानं तीन गावांना एकच सकाळ देऊन ठेवली होती आणि फोन बंद करून चौथ्याच गावाला गेला होता. इकडं दारोदार बकरी ओरडत होती. पुण्या-मुंबईचे पाहुणे गाड्यांतून उतरून हवेत नाक वर करून बघत होते आणि त्यांना फक्त धूळ मिळत होती. शंभूराज बुलेटवरून फेऱ्या मारत दर दाराशी सांगत होता, "निघालाय, कराड सोडलंय."

"कराड सोडलंय का गाव सोडलंय?" रंगूबाईंनी पडवीतून विचारलं.

जगदाळ्यांच्या अंगणात मांडवाखाली पाहुणे वाढत चालले तसा धैर्यशीलचा चेहरा फ्लेक्सपेक्षा लांब होऊ लागला. मग ऋषिराज पुढं आला. बाह्या दुमडल्या, कपाळाला भगवा रुमाल बांधला, परवाच ऑनलाइन मागवलेला सुरा काढला.

"कुणाची गरज न्हाई आपल्याला. मी उरकतो. त्यात काय एवढं? कुणीतरी व्हिडिओ काढा रं."

व्हिडिओ काढायला एकदम सात-आठ हात वर गेले. बकरं धरायला एकही नाही. शेवटी धैर्यशीलनं दोर धरला. पांढरा कडक सदरा सांभाळायला तो जरा लांबूनच धरून उभा राहिला.

ऋषिराज बकऱ्यापुढं बसला. बकऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. ऋषिराजनं व्हिडिओकडं बघितलं, एक घोषणा दिली, मांडवातल्या चौघांनी साथ दिली. मग परत बकऱ्याकडं बघायची वेळ आली. गेली दोन वर्षं तो रोज मोबाईलवर कुणाला ना कुणाला कापून काढत होता, पण समोरच्याला डोळे असतात हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात येत होतं.

"कान झाका रं त्येचं," तो म्हणाला.

"कान कशाला? कापायचं हाय, का गुपित सांगायचंय?" पाहुण्यांतल्या केरबा मामांनी विचारलं.

मांडवात हशा पिकला. बकऱ्यानं तेवढ्यात एक धडक दिली. ऋषिराज सुऱ्यासकट खरकट्याच्या टोपात बसला, धैर्यशीलच्या हातातला दोर सुटला, आणि बकरं कमानीत एका बाजूनं सुटून खाली लोंबणाऱ्या फ्लेक्सवर गेलं, थेट भावी सदस्यांच्या जोडलेल्या हातांमधून शिंगं घालून पलीकडं गेलं. फ्लेक्स टरकन फाटला. चौकटीतले दोन नेते बकऱ्याच्या शिंगांना लटकत गल्लीतून निघाले. व्हिडिओ सगळ्यांचेच चालू होते.

*

दस्तगीर मुलाणी अंगणात खाटेवर बसला होता. अंगात धुतलेला पांढरा सदरा. धुतलेला होता म्हणून घातला, असं त्यानं पोराला, इकबालला सांगितलं होतं. काल संध्याकाळीही तो इथंच बसला होता, रस्त्याकडं तोंड करून, अंधारात माणूस ओळखू येईनासा होईपर्यंत. बायको जेवायला हाक मारत होती आणि तो "आलोच" म्हणत होता. बाकीच्या घरांचं त्याला काही वाटलं नाही. लाला येणार नाही, हे मात्र त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पोरगा म्हणाला होता, "अब्बा, कशाला वाट बघताय? बरंच झालं. उद्या कोन कुठला व्हिडिओ काढंल, आपलाच टेंपो फोडत्याल." पोराचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणून तर इतकं वाईट वाटत होतं.

तेवढ्यात बकरं आलं. शिंगात फ्लेक्सचा तुकडा, गळ्यात तुटका दोर. आलं ते सरळ गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन आपल्या जुन्या घमेल्यात तोंड घालून उभं राहिलं. दिवाळीपर्यंत ते इथंच वाढलं होतं. जगदाळ्यांनी बकरं दरवर्षीसारखं यंदाही मुलाण्याकडूनच घेतलं होतं. मंडळाचा विरोध सुऱ्याला होता, बकऱ्याला नव्हता.

दस्तगीरची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. दस्तगीरलाही हसू आलं.

"बघ," तो म्हणाला. "त्येंच्या घरातनं बोलवायला एकाला तरी यावं वाटलं."

त्यानं बकऱ्याच्या शिंगातलं फडकं सोडवलं, घडी करून खिशात घातलं, दोराला गाठ मारली आणि निघाला. इकबाल आडवा आला. "अब्बा, नगं."

"परक्याचं जनावर हाय. पोचवून येतो. आत जात न्हाई."

*

जगदाळ्यांच्या कमानीपाशी तो थांबला. कमानीच्या बाहेर. शंभूराजची बुलेट दाराशीच उभी होती, तो तिच्यावर बसून फोन उभा धरून होता.

"लाला, बकरं घे," दस्तगीर म्हणाला. "माझ्याकडं आलं हुतं."

लालासाहेब पडवीतून उठले. त्यांना तो धुवून ठेवलेला सदरा दिसला आणि दस्तगीरनं कालची संध्याकाळ कशी काढली असेल ते पुरतं कळलं.

"आत ये," ते म्हणाले.

"बोलावणं न्हाई. बोलावल्याबिगर कसा येऊ?" आवाजात राग नव्हता. राग असता तर लालासाहेबांना सोपं गेलं असतं.

लालासाहेब घरात गेले. धैर्यशील त्यांच्या मागं धावला. देव्हाऱ्यापाशी त्यांनी नारळ उचलला तसा त्यानं मनगट धरलं. "तात्या, आवं लोकं बघत्यात. शंभ्या लाइव्ह करतोय. भाऊसाहेबांपतोर जाईल. माझी दोन वर्षांची मेहनत हाय वो!"

"बघू दे. काल गुमान गल्लीतनं जाऊन द्यायचा हुता, कुणाला कळलं बी नसतं. तू न्हाई म्हणलास, मी ऐकलं. आता सगळ्यांम्होरं देतो."

"निवडणूक झाल्यावर..."

"धैर्या," लालासाहेब म्हणाले, "निवडणूक झाल्यावर मी हाय का न्हाई, कुणाला म्हाईत? मनगट सोड."

त्यानं सोडलं.

बाहेर येऊन कमानीत, फाटक्या फ्लेक्सखाली, लालासाहेबांनी नारळ पुढं केला. "उद्या या" म्हणायची रीत होती, उद्या तर उजाडून गेला होता. "आज ये," ते म्हणाले.

दस्तगीरनं हात पुढं केला नाही. "लाला, तुझ्या पोराचं तिकीट हाय. माझ्या पोराचा टेंपो हाय. इस्लामपूरच्या बाजारात रोज उभा करावा लागतोय त्येला. कशाला दोघांच्या पोरांच्या मागं लावून घ्यायचं? जग बदललंय गड्या."

"बदलू दे. जग सुधारायला मी निघालेलो न्हाई, दस्तगीर. ते माझ्या हातात न्हाई. पर हे दार माझं हाय. ह्या दारात कोण येणार, एवढंच माझ्या हातात हुतं, आन काल मी तेबी सोडून दिलं. रातभर डोळा लागला न्हाई. मला लाज वाटली." त्यांचा आवाज चिरकला. पन्नाशीच्या आतल्या कुणीही तो चिरकलेला ऐकला नव्हता. "घे नारळ."

"काल आला आसतास तर बरं झालं आसतं."

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "लय बरं झालं आसतं."

दस्तगीरनं थोडा वेळ त्या नारळाकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी घेतला आणि चपला काढून आत आला.

आता एकच राहिलं. सुरा फिरताना बकरं घरातल्या थोरल्या पोरानं धरायचं असतं. सगळा मांडव धैर्यशीलकडं बघायला लागला. मोबाईलही तिकडं वळले. त्याच वेळी त्याचा फोन वाजला. अंकितानं पडद्यावरचं नाव वाचलं. भाऊसाहेब. या घरात बोलायचं होतं तेवढं काल बोलून झालं होतं.

फोन वाजत राहिला. धैर्यशीलनं वडलांकडं बघितलं. पटका जरा तिरका झाला होता आणि म्हातारा त्याच्याकडं बघतही नव्हता. सांगितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

"धर हा," त्यानं फोन बायकोच्या हातात दिला.

"उचलू?"

"वाजू दे." हे बोलल्याबरोबर त्याला ते मागं घ्यावंसं वाटलं. पण शब्द निघून गेला होता. त्यानं कडक सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मातीत गुडघे टेकून बकरं घट्ट धरलं.

दस्तगीरनं मानेवर हात ठेवला आणि त्याच्या देवाचं नाव घेतलं. पडवीत रंगूबाईंनी भैरोबाच्या दिशेनं हात जोडले.

"सुभेदार, हे गावाच्या ध्यानात ऱ्हाईल," शंभूराजनं बुलेटला किक मारली.

"ऱ्हाऊ दे," रंगूबाई ओरडल्या. "तुमच्या ध्यानात कायतरी ऱ्हातंय म्हणजे नवलच!"

*

दुपारी पंगत बसली. रस्सा असा झाला होता की केरबा मामा तिसऱ्या वाटीला रडायला लागले आणि मिरचीनं नाही, म्हणून शपथ घेऊ लागले. ऋषिराज कोपऱ्यात खाली मान घालून जेवत होता. त्याचा खरकट्याच्या टोपातला व्हिडिओ तालुकाभर फिरत होता. शिरवळच्या कंपनीतून साहेबांचाही हसरा चेहरा आला होता. भाऊसाहेबांचा निरोप आला, 'तिकिटाचा फेरविचार चालू आहे.' धैर्यशीलनं तो दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि भाकरी कुस्करायला घेतली. ती त्याला गोड लागली नाही, असं काही नाही. नीटही लागली नाही. ठेचा दोघींपुरता केला होता, तो तसाच उरला.

अंकिता मागच्या दारी भांडी ठेवायला गेली तर तिथं पेरूच्या आडोशाला शंभूराज उभा. बुलेट नव्हती. हातात स्टीलचा डबा होता, दोन खणांचा.

"वैनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तो साताऱ्याचा आलाच न्हाई. घरात पंचवीस पावणं हायती, पिठलं खात्यात. आमचं जाऊ द्या. पर आई कालपास्नं उपाशी हाय, खाऱ्या निवदाबिगर उपास सोडत न्हाई. आईपुरता जरा... कुणाला सांगू नगा."

अंकिताला हसायचं होतं. पण त्याच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि हसू आलं नाही. तिनं सासऱ्यांना हाक मारली.

लालासाहेब आले. त्यांनी डबा बघितला, शंभूराजला बघितलं, आणि जावयाला विचारावं तशा आवाजात म्हणाले, "आईचा डबा अंकिता आता भरती, पैल्यांदा. तिची वाट बघाय लावू नगं. शेजारचं पोरगं नेऊन दील. तुझं काय? तू जेवलास का?"

"मला नगं."

"आमच्यात मागल्या दारानं कुणी उपाशी जात न्हाई. म्होरल्या दारानं ये. ताट वाढतो."

शंभूराजनं घराच्या पलीकडं मान लांब करून बघितलं. पुढच्या मांडवात दुसरी पंगत बसत होती. दस्तगीर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या शेजारी एक पाट रिकामा होता आणि रंगूबाई त्या पाटापुढं ताट मांडत होत्या. न विचारता, जणू कुणी यायचंच आहे.

"तिथं?" शंभूराजनं विचारलं.

"तिथंच," लालासाहेब म्हणाले. "दुसरी जागा ठेवलेली न्हाई."

सुभेदार आत निघून गेले. शंभूराज पेरूखाली उभा राहिला. खिशातला फोन काढला, कुणी बघतंय का ते बघितलं, परत आत घातला. वारा मांडवाकडून होता आणि रश्श्याचा वास सरळ त्याच्या तोंडावर येत होता. तो घराला वळसा घालून पुढं आला. फाटक्या फ्लेक्सच्या कमानीपाशी जरा रेंगाळला.

दस्तगीरनं वर बघितलं. मग आपलं ताट थोडं सरकवून पाटापुढं आणखी जागा केली.

शंभूराजनं चपला काढल्या.